एका फोनचं काम

कुठलंही कॉलेज बघायला गेलं की आमचे सर आधी तिथल्या संडासात जायचे.

घाई असायची म्हणून नव्हे. आत प्राचार्य केबिनमध्ये वाट बघत असायचे, टेबलावर पाण्याच्या बाटल्या आणि काजूकतलीची बशी मांडलेली असायची, माहितीपत्रकं घेतलेली एक मुलगी दारात हसतमुख उभी असायची, आणि सर तिला विचारायचे, "मुलांचं टॉयलेट कुठे आहे? पाहुण्यांचं नको, मुलांचं." मग माझ्याकडे वळून, "तू मुलींचं बघून ये. कडी लागते का बघ." पहिल्यांदा हे ऐकलं तेव्हा धरणी दुभंगून मला पोटात घेईल तर बरं, असं झालं होतं. मी लोअर परळच्या काचेच्या इमारतीत एच.आर.मध्ये वर्षानुवर्षं काढून आलेली बाई. तिथे आम्ही वॉशरूम कुठे हे विचारतानाही आवाज खाली आणायचो. इथे माझे नवे साहेब भर कॉरिडॉरमध्ये उभे राहून नळाला पाणी किती वाजेपर्यंत येतं याचा जाब विचारत होते.

"कॉलेज म्हणजे स्थळ," ते म्हणायचे. "स्थळ बघायला गेलेला माणूस दिवाणखाना बघत बसला की फसला. मोरी बघायची, शेजाऱ्यांशी बोलायचं, आणि घरातली धाकटी सून मोकळी हसते का ते बघायचं."

शेजारी म्हणजे गेटवरचा वॉचमन आणि समोरचा झेरॉक्सवाला. धाकटी सून म्हणजे पहिल्या वर्षाची मुलं. ती कँटीनमध्ये सापडायची. सर पदरचे पैसे देऊन वडा-उसळ घ्यायचे आणि एखाद्या एकट्या बसलेल्या मुलाच्या शेजारी जाऊन बसायचे. एकदा अशाच एका रडवेल्या पोराशी गप्पा मारण्यात इतका वेळ गेला की प्राचार्य कंटाळून घरी निघून गेले. सरांना त्याचं काहीच वाटलं नाही. "जे बघायचं ते बघून झालं," म्हणाले, आणि उरलेला वडा पुडीत बांधून घेतला.

सर व्यवसायाने स्वतंत्र शैक्षणिक सल्लागार होते. दहावी-बारावीच्या मुलांशी बोलायचं, त्यांनी पुढे काय शिकावं आणि कुठे शिकावं ते त्यांच्याबरोबर ठरवायचं, हे काम. फी घ्यायची ती पालकांकडून. कॉलेजकडून कपभर चहाही नाही. 'स्वतंत्र' या शब्दाचा अर्थ तेवढाच, पण सर त्या शब्दाला देवासारखे जपायचे. लालबागच्या एका चाळीत तळमजल्यावरच्या खोलीत त्यांचं ऑफिस होतं, आणि मधल्या पडद्यामागे घर. लग्न केलं नव्हतं. का, असं कोणी विचारलं तर म्हणायचे, "माझी चौकशी करायला आलेल्यांना मी खरं सांगितलं."

पालक मुलाला घेऊन आले की सर पहिल्यांदा पालकांना बाहेर घालवायचे. "तुम्ही गॅलरीत बसा. चहा येईल." मग मुलाला विचारायचे, "रविवारी दुपारी घरात कोणी नसतं तेव्हा तू काय करतोस?" पोरं आधी बावचळायची. "मार्क सांगू का, सर?" असं चाचरत विचारायची. "मार्क सांगू नकोस, ते मार्कशीटला माहीत आहेत. रविवारचं सांग." कोणी सांगायचं, पंखा उघडून बघतो. एक मुलगी म्हणाली, आरशासमोर उभी राहून शेजारच्या बायकांची नक्कल करते. सरांनी तिला तिथल्या तिथे नक्कल करायला लावली आणि इतके हसले की बाहेर गॅलरीत तिचे वडील घाबरून उभे राहिले.

पालकांचा मात्र एकच प्रश्न असायचा: नक्की होईल ना? गॅरंटी आहे ना? त्यावर सरांचं ठरलेलं उत्तर होतं. "गॅरंटी मिक्सरला असते. पोराला नसते."

या उत्तरामुळे किती गिऱ्हाइकं गेली असतील ते मी सांगू शकत नाही, पण आलेल्यांपेक्षा कमी नसावीत.

सरांच्या डोक्यावर, म्हणजे पहिल्या मजल्यावर, नेरूरकर काकी राहायच्या. मूळच्या मालवणच्या, सत्तरी ओलांडलेल्या, आणि सरांवर आईसारखा हक्क गाजवणाऱ्या. सरांच्या दाराला कडी असते हे त्यांना मान्यच नव्हतं. त्यांच्या नातवाला सरांनी हॉटेल मॅनेजमेंटचा रस्ता दाखवला होता आणि तो आता एका मोठ्या हॉटेलात शेफच्या हाताखाली होता. हे सगळं सरांनी कुठेतरी फोन करून घडवून आणलं, अशी काकींची पक्की समजूत होती. पोराने स्वतः परीक्षा दिली, स्वतः मुलाखत दिली, हे त्यांना सांगून उपयोग नव्हता. "असां बोलूचा लागता," त्या मला डोळा मारून सांगायच्या. "माका सगळा कळता." आता त्यांची नात बारावीला होती, आणि येता-जाता सरांना त्या ऐकवायच्या, "सरांनू, तिच्यासाठी एक फोन करूक तुमका काय जाता?"

सर हसायचे. पण 'एक फोन' हे शब्द ऐकले की त्यांच्या कपाळावरची शीर उडायची, हे माझ्या लक्षात आलं होतं. का, ते नंतर कळलं.

आधी ती काजूची धावपळ सांगते, कारण पुढचं सगळं महाभारत त्या काजूंनीच घडवलं.

दिवाळीचे दिवस होते. पनवेलच्या पलीकडच्या कुठल्याशा कॉलेजचा एजंट सर अंघोळीला गेलेले असताना आला, सुक्या मेव्याचा भलामोठा डबा टेबलावर ठेवून गेला. सर अंघोळ करून पडद्यामागून बाहेर आले, डब्यावरचं कॉलेजचं नाव वाचलं आणि बनियन-पायजम्यावर डबा उचलून धावत सुटले. वाटेत चहा घेऊन एजंट नुकता गल्लीच्या तोंडाशी पोचला होता. मागून "ओ, थांबा, थांबा!" ऐकून त्याने वळून बघितलं, डबा परत येतोय हे त्याच्या ध्यानात आलं, आणि तोही पळू लागला. डबा परत आला तर त्याचा साहेब त्याला सोडणार नव्हता. मसाल्याच्या दुकानांसमोरून पुढे एजंट, मागे ओल्या केसांचे सर, त्यांच्या मागे चपला सावरत मी. मिरच्या निवडणाऱ्या बायका उठून उभ्या राहिल्या. "चोर, चोर!" असा गलका झाला आणि मंडप डेकोरेटर साटम, सरांचे तेव्हाचे जिगरी दोस्त, यांनी आपल्या गोडाऊनमधून झेप घेऊन एजंटची कॉलर पकडली.

"काय चोरलं याने?" साटमांनी विचारलं.

"चोरलं नाही रे!" सर धापा टाकत म्हणाले. "देऊन पळतोय!"

सगळी गल्ली लोटपोट हसली. साटमांनी तर तो एजंट अजून हातात असतानाच खाली बसून हसून घेतलं. पण डबा परत देताना सरांना तो हलका वाटला. उघडून बघितला तर काजूचा कप्पा अर्धा रिकामा. आम्ही धावत असताना नव्हे, त्याआधीच काकी खोलीत येऊन गेल्या होत्या. सरांनी तिथल्याच दुकानातून काजू विकत घेतले, कप्पा भरला, एजंटच्या हातात डबा दिला आणि त्याला म्हणाले, "मोजून घ्या." तो बिचारा हात जोडून निघून गेला.

तर अशा माणसाला प्रोफेशनल मेंबर व्हायचं होतं.

आमच्या व्यवसायातल्या लोकांची एक देशव्यापी संस्था आहे. तिचे सर कितीतरी वर्षं असोसिएट मेंबर होते, म्हणजे सहयोगी सदस्य, म्हणजे पंगतीत बसलेले पण पान न वाढलेले. वरची पायरी प्रोफेशनल मेंबरची. त्यासाठी अनुभव दाखवावा लागतो, स्वतः जाऊन बघितलेल्या कॉलेजांचे अहवाल द्यावे लागतात, कॉलेजकडून काही घेत नाही आणि प्रवेशाची हमी देत नाही अशी शपथ घ्यावी लागते, आणि तीन पालकांची नावं द्यावी लागतात. संस्थेचं माणूस त्यांना फोन करून आपल्याबद्दल विचारतं.

सरांना हे कधी सुचलं नव्हतं. सुचवलं ते त्यांच्या शाळेने. लालबागमधलीच मराठी शाळा, सर तिथेच शिकलेले. मुख्याध्यापिकाबाईंना वाटत होतं की दरवर्षी दहावीच्या सगळ्या मुलांना सरांनी भेटावं. पण ट्रस्टच्या लोकांनी हात पोळून घेतले होते. आदल्या वर्षी 'सल्लागार' म्हणून आलेल्या एकाने अख्खा वर्ग एकाच खासगी कॉलेजच्या दारात नेऊन उभा केला होता. त्यांनी सांगून टाकलं, प्रोफेशनल मेंबर असेल तरच शाळेत पाऊल, नाहीतर कोणीही नको.

त्या दिवशी सर शाळेतून परत आले ते थेट माझ्या टेबलाशी. "अगं, फॉर्म काढ. व्हायचंच." असं हट्टाने काही मागताना मी त्यांना पहिल्यांदाच बघत होते.

कॉलेजांचे अहवाल मी इंग्रजीत केले. सरांनी सांगितलेलं सगळं घातलं, फक्त संडासाला 'विद्यार्थी सुविधा' म्हटलं. सरांनी ते खोडून परत संडास करायला लावलं. मग प्रश्न आला, हा व्यवसाय तुम्ही का निवडलात? मी सवयीने 'तरुण पिढीला दिशा देण्याची तळमळ' वगैरे टाइप करू लागले. सर म्हणाले, "ते पूस. लिही, एका फोनमुळे."

त्यांचे वडील गिरणीत विणकर होते. सर बारावी झाले तेव्हा संप होऊन गेला होता, एकेक गिरणी कुलूप लावून घेत होती. वडिलांनी कोणा ओळखीच्या पुढाऱ्याचे पाय धरले, पुढाऱ्याने एक फोन केला आणि सरांना डिप्लोमाला सीट मिळाली. टेक्सटाइलला.

"गिरण्या बंद पडत होत्या, आणि मला कापड कसं विणतात ते शिकायला बसवलं," सर म्हणाले. "बाबा चाळभर पेढे वाटत होते. त्यांना वाटत होतं, पोराचं कल्याण झालं. मला काय पाहिजे ते त्या फोनवर कोणी बोललंच नाही. बाबाही नाही, पुढारीही नाही, मीही नाही."

मी ते जसंच्या तसं लिहिलं. लिहिताना मला त्यांच्याबद्दल फार माया वाटली, आणि ती दाखवता येईना म्हणून स्पेलिंग तपासत बसले.

तीन पालकांत पहिलं नाव काकींचं दिलं. तिथेच आमचं चुकलं.

संस्थेने नेमलेल्या परीक्षक बाई बंगळुरूच्या, पण मूळच्या नागपूरच्या. पालकांशी मराठीत बोलता यावं म्हणून मुद्दाम त्यांना नेमलं होतं. मी काकींना सांगायला गेले, की सरांबद्दल विचारायला एका बाईंचा फोन येईल, जे आहे ते सांगा. काकींचे डोळे चमकले. "चौकशी इली काय सरांची?" आणि मी पायऱ्या उतरेपर्यंत चाळभर झालं. आमच्याकडे चौकशी म्हटली की एकच. स्थळाची चौकशी. आणि चाळीतल्या मुलाची चौकशी करायला कोणी आलं की शेजाऱ्याचा धर्म ठरलेला आहे: मुलगा दारू पीत असला तर सुपारीचं खांडही खात नाही म्हणायचं, कारकून असला तर ऑफिसर करायचा. अशा वेळी जो मोजून-मापून खरं बोलतो त्याच्याशी चाळ वर्षभर बोलत नाही. बाकीच्या दोन पालकांनाही काकींनी निरोप धाडला, तोंडभरून बोला, हात आखडू नका.

फोन आला तेव्हा मी काकींच्या खोलीत होते. त्यांनी पदर नीट केला, फोन स्पीकरवर टाकला आणि पाहुण्यांसाठी राखून ठेवलेली शुद्ध मराठी बाहेर काढली.

"सर म्हणजे देवमाणूस. आमच्या नातवाची ॲडमिशन कुठे होत नव्हती. सरांनी एक फोन केला, दुसऱ्या दिवशी काम फत्ते!"

मी दोन्ही हात हलवून नाही-नाही केलं. काकींना वाटलं, कमी पडतंय.

"कुठल्याही कॉलेजात जाऊ द्या, प्रिन्सिपल खुर्चीतून उठून उभे राहतात. सरांचा शब्द खाली पडत नाही. गॅरंटी म्हणजे गॅरंटी!"

पलीकडून बाईंनी शांतपणे विचारलं, "कॉलेजकडून त्यांना काही मिळतं का?"

मी काकींच्या समोर जमिनीवर बसून हात जोडले.

"नाही कसं मिळत?" काकी तडफेने म्हणाल्या. सरांना कोणी विचारत नाही असं या बाईंना वाटावं? "दिवाळीला हे एवढे डबे येतात. मी स्वतः काजू खाल्लेत!"

फोन ठेवून काकींनी माझ्याकडे बघितलं. "कसा बोललंय?"

दोन दिवसांत ईमेल आलं. आपल्या अर्जासंदर्भात गंभीर बाबी समोर आल्या आहेत. प्रभाव वापरणे, हमी देणे, भेटवस्तू स्वीकारणे. अर्ज स्थगित. आपले म्हणणे मांडण्यासाठी व्हिडिओ कॉलवर उपस्थित राहावे. बाकीच्या दोघांनीही काकींचा निरोप इमानाने पाळला होता. एकाने तर सरांचे शिक्षणमंत्र्यांशी घरोब्याचे संबंध आहेत असं ठोकून दिलं होतं. ज्या तीन गोष्टी सरांनी आयुष्यात केल्या नाहीत, त्याच तीन गोष्टी त्यांच्या माणसांनी प्रेमाने त्यांच्या नावावर चढवल्या होत्या.

माझा पारा चढला. मी वर जाऊन काकींना चार शब्द ऐकवणार होते, तर सरांनी दार अडवलं. "तिला कळता कामा नये."

"सर, शाळा गेली हातातून!"

"कळतंय मला. पण ती माझ्यासाठी खोटं बोललीय. माझ्या बाबांनंतर माझ्यासाठी एवढी धडपड कोणी केली नव्हती." आणि हसायला लागले. मला इतका राग आला होता, पण ते थांबेचनात, आणि मग मीही हसले. दोघं वेड्यासारखे हसत बसलो. हसून झाल्यावर मात्र सर बराच वेळ शाळेच्या बाजूच्या खिडकीतून बाहेर बघत होते, आणि जेवायला उठले नाहीत.

व्हिडिओ कॉलला परीक्षक बाई अगदी इस्त्रीच्या सुरात बोलल्या. सरांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "मॅडम, तुम्ही नागपूरच्या. तुमच्याकडेही स्थळाची चौकशी होत असेल. आमच्या लोकांना वाटलं तुम्ही त्यासाठीच आलात. त्यांनी मला खपवायचा प्रयत्न केला."

बाईंच्या ओठाचा कोपरा हलला, पण त्या लगेच सावरल्या. "हे मी कशावरून मानू?"

"माझ्यावर प्रेम करणाऱ्यांना विचारलंत. आता ज्याला माझं तोंड बघायचं नाही त्याला विचारा." आणि सरांनी साटमांचा नंबर सांगितला.

मी टेबलाखालून सरांचा पाय दाबला. एजंटची कॉलर पकडणारे हेच ते साटम. पण गेल्या वर्षीपासून ते सरांना बघितलं की रस्ता ओलांडून पलीकडे जात. त्यांच्या मुलासाठी सरांनी फोन करायला नकार दिला होता.

"आत्ताच लावते," बाई म्हणाल्या. "तुम्ही ऐका, पण बोलायचं नाही." मी आमचा आवाज बंद केला. बाईंनी फोन लावला, स्पीकर सुरू केला आणि सरांबद्दल विचारायचंय असं सांगितलं.

"त्याच्याबद्दल?" साटमांचा आवाज खोलीत घुमला. "नंबर कोणी दिला माझा? त्यानेच? डेरिंग बघा साल्याची! सॉरी मॅडम. पण एकदम फालतू माणूस. काय उपयोगाचा नाय."

सरांनी डोळे मिटले.

"काय झालं होतं?"

"माझ्या पोराला इंजिनीअरिंगला घालायचा होता. पुण्याचं कॉलेज. मी त्याच्या पाया पडलो, मॅडम. चाळीस वर्षांची दोस्ती. बोललो, एक फोन कर. काय बोलतो? माझा फोन चालत नाय, आणि चालत असता तरी केला नसता. वर बोलतो, गॅरंटी मिक्सरला असते! घरी डब्यातून सुरमई पाठवली, ती पण रिटर्न!"

"म्हणजे ते काही घेत नाहीत?"

"घेतोय कुठला? अहो, हा देणाऱ्याच्या मागे धावतो! बनियनवर! अख्ख्या लालबागने बघितलाय. त्या एजंटची कॉलर या हाताने धरली होती मी." साटमांना मधेच हसू आलं, ते त्यांनी रागाने गिळलं. "आणि माझ्या पोराला घेऊन बसला, मला गॅलरीत घालवून. रविवारी काय करतोस म्हणे. अरे, माझ्या पोराला मी कधी विचारलं नाय, हा कोण विचारणारा?"

"मुलगा आता काय करतो?" बाईंनी विचारलं.

"नाटकाच्या लायटिंगचं शिकतोय. गणपतीला माझ्या मंडपाची लाइट त्यानेच केली. लोक फोटो काढत होते." आवाज जरा खाली आला. "खूश आहे तो. तो खूश आहे हो, पण लग्नाकार्यात मी काय सांगू लोकांना?"

"तुम्हाला आणखी मुलं आहेत?"

"मुलगी आहे. नववीला."

"तिला सल्ल्यासाठी कोणाकडे पाठवाल?"

फोनवर बाहेरचा हॉर्न ऐकू आला, कोणीतरी बांबू खाली टाकल्याचा आवाज आला. सर खुर्चीच्या कडेला येऊन बसले होते.

"त्याच्याकडेच," साटम म्हणाले. "दुसरीकडे सगळे हो-हो करतात, मॅडम. मला हो करणाऱ्याची भीती वाटते. हा निदान तोंडावर नाय बोलतो. पण त्याला सांगू नका, मी असं बोललो म्हणून. अजून राग गेला नाय माझा."

"नाही सांगत," बाई म्हणाल्या. त्यांनी चष्मा काढून पुसला. इकडे सर चष्मा न काढताच डोळे पुसायचा प्रयत्न करत होते, आणि मी आवाजाचं बटण सुरू करायचं विसरून मोठमोठ्याने टाळ्या वाजवत होते.

पुढच्या आठवड्यात ईमेल आलं. मी पहिली ओळ वाचली आणि किंचाळले. सर उठले, बसले, परत उठले, मला म्हणाले, "परत वाच," मग "आता मराठीत सांग," मग नाचल्यासारखं काहीतरी करत पायजमा सावरत गॅलरीत गेले आणि शाळेच्या दिशेने तोंड करून उगाचच ओरडले, "झालो रे!" साठीच्या माणसाला इतकं उघडं आनंदी झालेलं मी पुन्हा कधी बघितलं नाही. मी त्यांना मिठी मारली. त्यांना कळेना हातांचं काय करायचं, म्हणून त्यांनी मला शेकहँड केला. शाळेत फोन केला तर मुख्याध्यापिकाबाई म्हणाल्या, सोमवारपासूनच या.

चाळ खोलीत मावेना. पेढे आले, कोणीतरी सरांना शाल घातली, ती खाली पडली, परत घातली. काकी गर्दीतून वाट काढत पुढे आल्या आणि सगळ्यांना सांगू लागल्या, "माझ्या बोलण्याक यश इला! मीच बोललंय त्या बाईकडे." सर म्हणाले, "खरं आहे, काकी. तुम्ही बोललात म्हणूनच झालं." मी पेढा तोंडात कोंबून गप्प राहिले.

मग काकींनी पदराला हात पुसले. "आता झालात मा तुमी प्रोफेशनल? आता तरी माझ्या नातीसाठी एक फोन करा."

सगळे सरांकडे बघू लागले. मीही. कपाळावरची शीर उडेल म्हणून मी वाट बघत होते.

"करतो," सर म्हणाले. "नातीचा नंबर सांगा."

फॉर्मवर लागत असेल असं समजून काकींनी पाठ असलेला नंबर खडाखडा सांगितला. सरांनी तो लावला आणि फोन स्पीकरवर टाकला.

"हॅलो?" पलीकडून मुलीचा आवाज आला.

"अगं, मी तळमजल्यावरचे सर बोलतोय. तुझ्या ॲडमिशनसाठी एक फोन करा, असं तुझी आजी कधीपासून सांगतेय. म्हणून केला. तुला काय करायचंय?"

"मला?"

"तुलाच."

मुलीने हळूच विचारलं, "सर, आजी तिथेच आहे का?"

"समोर उभी आहे."

"मग मी उद्या येऊन सांगते. एकटी येते."

फोन बंद झाला. काकी हातातला पेढा तसाच धरून उभ्या होत्या. त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि आयुष्यात पहिल्यांदा आवाज खाली आणून म्हणाल्या, "माका कधी काय बोलूक नाय गो ती."

"सांगेल उद्या," सर म्हणाले. "तुम्ही पेढा खा."